चार दिवसांची दिल्ली

माघ महिन्याच्या अखेरीस आमच्या घरात दिल्लीस जाऊन येण्याचा बेत निघाला. बेत तसा लहानच होता. चिरंजीव ठाण्यास एका कचेरीत नोकरीस आहेत. त्यांना तीन दिवसांची रजा मिळण्यासारखी होती, आणि तिला शनिवार-रविवार जोडले म्हणजे दिल्लीत चार दिवस पदरात पडत होते. कन्येची परीक्षा तोपर्यंत आटोपणार होती. भाताची मळणी कधीच उरकलेली, राब भाजण्याचे काम चार दिवस मागेपुढे झाले तरी चालणारे, आणि आंबा अजून उतरावयास न आलेला. आमच्या दिघाशीसारख्या भातशेतीच्या गावात घर सोडून जाण्यास मनुष्याला मोकळीक मिळते ती याच सुमारास. शिवाय दिल्लीचा वसंत मोठा अल्पायुषी. तेथे थंडीचे धुके विरते न विरते तोच उन्हाची झळ लागू लागते, आणि या दोहोंच्या सांध्यात जे थोडे दिवस सापडतात तेवढ्यात बागा फुलून जातात व रस्त्याकडेच्या सावरी लाल होतात. तेव्हा जावयाचे तर आताच, याविषयी घरात दुमत नव्हते.

चिरंजीवांनी दोन रात्री खपून एक तक्ता तयार केला. तो पाहून आम्हांस खरोखर कौतुक वाटले. सोमवारी लाल किल्ला व राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय बंद असते, म्हणून ती दोन्ही रविवारी घातली होती. कुतुबमिनार पहाटे, हुमायूनची कबर दुपारच्या उन्हापूर्वी, चांदणी चौक दिवेलागणीस, अशी प्रत्येक स्थळाची वेळ नेमलेली होती. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्या दिवसाच्या आकड्याभोवती तांबडे वर्तुळ होते. जेवणास चाळीस मिनिटे दिली होती. चार दिवसांत तेवीस स्थळे पाहून होणार होती, आणि त्यांपैकी एक, म्हणजे दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरांवरचे पानिपत, हे केवळ आमच्या आग्रहावरून तक्त्यात आले होते. तक्त्याच्या तळाशी लिहिले होते : 'प्रवासी — चार.'

आमच्या घरात माणसे पाच आहेत. पाचवे माणूस म्हणजे आमची आई. तिचे वय शहात्तर. तिचे नाव तक्त्यातून कोणी खोडले होते असे नव्हे. ते मुळी लिहिलेच गेले नव्हते. आम्ही त्या आकड्याकडे बोट दाखविले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आजीला झेपणार नाही." सौभाग्यवतींनी काही म्हटले नाही. आम्ही मान डोलावली.

प्रस्तुत लेख त्या डोलावलेल्या मानेविषयी आहे.

'झेपणार नाही' हे वाक्य वरवर पाहता मोठे कनवाळू दिसते. त्यात दुसऱ्याच्या प्रकृतीची काळजी आहे, वयाचा मान आहे, आणि बोलणाराकडे यत्किंचितही स्वार्थ नाही असा त्याचा चेहरा आहे. परंतु त्या रात्री हे वाक्य आमच्या मनातून हलेना, कारण एक गोष्ट उघड होती. ते आईविषयी होते, पण आईला विचारून बोललेले नव्हते. तिचा गुडघा दुखतो हे खरे. पण त्याच गुडघ्याने ती रोज गोठ्यात जाते, आणि वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या थांबत थांबत का होईना चढते. तिला काय झेपते व काय झेपत नाही याचा हिशेब आम्ही करावयास बसलो नव्हतो. आम्ही हिशेब केला होता तो तेवीस स्थळांचा. आणि तेवीसाला चार दिवसांनी भागले असता जी बाकी उरली ती आई होती. तिला दिल्ली झेपत नव्हती की आमच्या तक्त्याला ती झेपत नव्हती, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारलाच नव्हता.

मागचे आठवू लागलो तेव्हा हे पहिल्यांदाच घडत नव्हते असे दिसून आले. आम्ही बंधू शिकावयास कल्याणास राहिलो तेव्हा, पुढे नातलगांची लग्नकार्ये निघाली तेव्हा, मुले लहान असताना महाबळेश्वरास गेलो तेव्हा, प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेले होते : 'कोणीतरी घरी राहिले पाहिजे.' गाय आहे, दारात धान्य वाळत घातलेले आहे, देवाला दिवा लावावयाचा आहे. तेव्हा कोणीतरी राहिले पाहिजे हे खरेच. मात्र त्या 'कोणीतरी'चा अर्थ पन्नास वर्षांत कधी बदलला नाही. पूर्वी ती धडधाकट होती म्हणून घरी राहिली, आणि आता ती थकली म्हणून घरी राहणार होती.

पुढल्या रविवारी आमचे धाकटे बंधू कल्याणाहून आले. त्यांना इतिहासाचे वेड आहे, आणि दिल्लीचे नाव निघाल्यावर त्यांनी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. तक्ता पाहून ते खूश झाले. प्रवाशांच्या आकड्याविषयी आम्ही आपली टोचणी बोलून दाखविली तेव्हा ते हसून म्हणाले, "दादा, दिल्लीवर मराठे दोन तऱ्हांनी गेले. एक बाजीरावाची तऱ्हा, दुसरी भाऊसाहेबांची. तुला कोणती हवी ते ठरव."

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. सन १७३७ च्या मार्चमध्ये, म्हणजे याच वसंताच्या दिवसांत, थोरले बाजीराव दिल्लीवर गेले. सादतखानाने अंतर्वेदीत मल्हारराव होळकरांच्या तुकडीस मागे रेटले होते, आणि मराठ्यांस आपण चंबळेपलीकडे पिटाळले अशी बढाई बादशहास लिहून कळविली होती. ती खोटी ठरविण्यासाठी बाजीरावांनी अवजड सामान मागे टाकले, मोगलांच्या फौजांना बगल दिली, आणि मेवातच्या डोंगराळ बाजूने लांब मजला मारीत ते एकदम दिल्लीच्या वेशीशी उभे राहिले. रामनवमीचे दिवस होते आणि लोक कालिकेच्या जत्रेत गुंतले होते. शहराबाहेर चालून आलेल्या बादशाही फौजेचा त्यांनी पराभव केला, दिल्ली जाळण्याचा विचार मात्र पुढील राजकारणावर नजर ठेवून सोडून दिला, आणि दोन-तीन दिवसांत ते माघारी वळले. या सर्वांची हकीकत त्यांनी चिमाजीअप्पांस पत्राने कळविली. ज्या चिमाजीअप्पांनी पुढे १७३९ साली वसई घेतल्यावर नवस फेडण्यासाठी आमच्या तालुक्यात वज्रेश्वरीचे देऊळ बांधले, तेच हे. "चार दिवसांची दिल्ली ही अशी पाहावी," बंधू म्हणाले. "घोडा, भाला आणि पडशी. मागे ओढणारे कोणी नाही."

"आणि दुसरी तऱ्हा?" कन्येने विचारले.

दुसरी तऱ्हा १७६० सालची. सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले तेही वसंतातच, मार्च महिन्यात. पण बरोबर बायकामाणसे होती, आणि फौजेच्या आश्रयाने उत्तरेकडील तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेले असंख्य यात्रेकरू होते. भाऊंची पत्नी पार्वतीबाई बरोबर होती. नाना फडणीस तेव्हा अठरा वर्षांचे होते. तेही आई व पत्नी यांना यात्रेसाठी घेऊन निघाले होते. हा सारा पसारा सांभाळीत फौज उन्हाळा संपून पावसाळा लागल्यावर दिल्लीस पोहोचली. तेथे पैशाची इतकी तंगी पडली की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून वितळवावे लागले. पुढे १७६१ च्या १४ जानेवारीस काय झाले ते मराठी मुलास सांगावे लागत नाही. नाना फडणीस त्या धुमश्चक्रीतून जिवानिशी सुटले, पत्नीही वाचली. आई मात्र गेली.

बंधूंनी हे शेवटचे वाक्य मुद्दाम सावकाश उच्चारले. "आईला प्रेमानेच नेले होते," ते म्हणाले. "बुणगे बरोबर घेतले म्हणजे काय होते, ते त्या दिवशी कळले. शेवटी झेपत नाही ते नाही."

माजघरात आई तांदूळ निवडीत होती. तिच्या कानी हे सर्व पडत होते, आणि तिने सूप खाली ठेवले नाही.

बंधूंच्या म्हणण्यात काही अर्थ नव्हता असे आम्ही म्हणत नाही. इतिहासाचा तो दाखला आमच्या मनावर दोन दिवस जड होऊन बसला. प्रेमाने बरोबर नेणे हे नेहमीच हिताचे असते असे नाही, आणि ज्याला नेले त्याच्या जिवावर ते बेतू शकते, हे नानांच्या उदाहरणावरून नाकबूल करता येत नाही. तथापि जसजसा विचार करू लागलो तसतसा या दाखल्यातील दोष आम्हांस दिसू लागला. बाजीरावांचा वेग आणि भाऊंच्या फौजेची मंदगती या दोन्ही गोष्टी युद्धातील आहेत. युद्धात गाठावयाचे ठिकाण अगोदर ठरलेले असते व माणसे त्या ठिकाणासाठी असतात. म्हणून तेथे वेग हा गुण आणि मंद चाल हा दोष. पानिपतावर यात्रेकरूंचा नाश झाला, तो ते सावकाश चालत होते एवढ्याचसाठी झाला काय? ज्या वाटेने दुसरा लढावयास निघाला होता त्या वाटेने ते देवदर्शनास निघाले होते, म्हणून तो झाला. हेतू एकाचा आणि पावले दुसऱ्याची, अशी ती जोडणी होती. हेच लोक आपल्या हेतूने, आपल्या चालीने काशीस निघाले असते, तर त्यांना बुणगे कोणी म्हटले असते? मनुष्य जन्मतः बुणगा नसतो. मोहीम ठरली म्हणजे त्याबरोबर बुणगेही ठरतात.

आता आमच्या सहलीचा हेतू काय होता? सादतखानाची कोणतीही बढाई आम्हांस खोटी ठरवावयाची नव्हती. दिल्ली आमची वाट पाहत नव्हती. तेविसांपैकी सोळा स्थळे पाहून आलो असतो तर कोणाचे राज्य बुडणार नव्हते. चार दिवस घरातील माणसांनी एकमेकांच्या संगतीत, रोजच्या रहाटगाडग्याबाहेर काढावे, एवढाच तो हेतू. अशा हेतूची आम्ही मोहीम केली, आणि मोहीम केल्याबरोबर घरातील एका माणसाला बुणगेपण आले.

येथे आणखी एक विचार सुचतो, आणि आमच्या मते तोच या प्रश्नाचे मर्म आहे. माणसे घर सोडून जातात ती काही सगळीच हौसेने नव्हे. आमच्या तालुक्यात, आणि पलीकडे वाड्याकडेही, दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. कातकरी कुटुंबे आपापले पाडे सोडून भट्टीवर येऊन राहतात, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत. येताना कित्येकदा म्हातारी माणसे पाड्यावर मागे ठेवावी लागतात. कारण उचल घेतलेली असते, विटांचा आकडा भरावयाचा असतो, आणि भट्टीवरच्या खोपटात निजावयास जागा नसते. भिवंडीच्या मागांवर काम करणारे उत्तरेकडील कामगार फाल्गुनात होळीसाठी गावी जातात, तेव्हा रेल्वेच्या डब्यात पाय ठेवावयास जागा नसते. वर्षभर ज्या आईबापांना ते पाहू शकले नाहीत त्यांना आठ दिवस भेटावे म्हणून ती माणसे हजार-दीड हजार किलोमीटर उभ्याने जातात. या दोघांनीही आपली म्हातारी माणसे मागे ठेवली आहेत. पण त्यांना कोण दोष देईल? त्यांच्या माथ्यावर गरज आहे. बाजीरावांच्या माथ्यावरही राज्याची गरज होती. गरजेने निघालेल्या मनुष्याच्या हातून थोडा कठोरपणा झाला तर त्यास क्षमा आहे. हौसेने निघालेल्यास ती नाही. ज्या गोष्टीवाचून आपले काहीच अडत नव्हते त्या गोष्टीपायी दुसऱ्यास दुखविले, याचे समर्थन कोणत्या शब्दांत करावयाचे? हौस करावी, आम्ही हौसेच्या विरुद्ध नाही. परंतु चैनीच्या वस्तूवर सरकार जसा अधिक कर बसविते, तसा चैनीच्या प्रवासावर सौजन्याचा कर अधिक असावा.

चिरंजीवांजवळ हे बोललो. ते मूळचे हट्टी नाहीत. त्यांनी लगेच तोड काढली, की जेथे जेथे जाऊ तेथून आजीशी दूरध्वनीवर बोलू आणि तिला घरबसल्या सर्व दाखवू. कुतुबमिनार, बाग, चांदणी चौकाची गर्दी, सारे तिला ओसरीवर बसून दिसेल. तोड वाईट नाही. किंबहुना तिला मराठीत फार सुंदर पूर्वपीठिका आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली, मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, चार पैसे मिळतील या आशेने उत्तरेत गेले, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. 'माझा प्रवास' या नावाने त्यांची हकीकत १९०७ साली छापून निघाली, ती पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. सर्व लुबाडले गेले तरी ते परत आले ते गंगेची कावड घेऊन. वृद्ध आईबापांना घरी गंगास्नान घडवावे, ही त्यांची इच्छा. आईबाप गंगेकडे जाऊ शकत नव्हते, म्हणून गंगा त्यांच्याकडे आणली.

मग आमच्या दूरध्वनीतील कुतुबमिनारात आणि त्या कावडीत अंतर कोणते? आमच्या मते अंतर खांद्याचे आहे. गोडसे भटजींनी ती कावड शेकडो कोस खांद्यावर वाहिली. तिचे पाणी सांडू नये म्हणून वाटभर जपले. आपण ज्याच्यासाठी काही घरी आणतो त्याच्यासाठी आपले काय खर्ची पडले, यावर त्या आणण्याची किंमत ठरते. शिवाय त्या काळी वृद्धांना वाट खरोखरच अशक्य होती. आज कल्याणास गाडीत बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी दिल्लीस उतरतो. वाट शक्य असून माणसाला घरी ठेवावयाचे, आणि मग अर्धा मिनिट चित्र दाखवून आपल्या मनाचे समाधान करून घ्यावयाचे, याला कावड म्हणणे आम्हांस धजवेना.

इतका विचार झाल्यावर जी गोष्ट पहिल्या दिवशी करावयाची ती आम्ही पंधराव्या दिवशी केली. आईला विचारले.

ती नाही म्हणाली. "मी कशाला? गाईचं कोण बघेल? तुम्ही जाऊन या. माझं काय राहिलंय बघायचं." हे तिने इतक्या सहजपणे म्हटले की क्षणभर आम्हांस सुटल्यासारखे वाटले. सुज्ञ वाचकांपासून हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तिने नाही म्हणावे आणि आपण निर्दोष सुटावे, ही इच्छा मनात होतीच. पण त्या सुटकेचीच लाज वाटली. पन्नास वर्षे ज्याला कोणी विचारले नाही तो मनुष्य नाही म्हणावयास शिकतो. ते त्याचे मत असेलच असे नाही, ती आपणच लावलेली सवय असू शकते. दुसऱ्याच्या नकाराचा मान राखावा हा धर्म खरा, परंतु तो नकार आपणच तर वाढविला नाही ना, हे पाहणे त्याच्या आधीचे आहे.

म्हणून दोन दिवसांनी आम्ही प्रश्न बदलला. येतेस का, असे न विचारता, एवढ्या लांबच्या वाटेत तुला काय पाहावेसे वाटेल, असे विचारले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गहू उभा असतो तो कसा दिसतो रे? जन्मभर दळला, मळला, लाटला. उभा कधी बघितला नाही. आपल्याकडे सगळा भातच."

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या तक्त्यात तेवीस स्थळे होती आणि त्यांत गव्हाचे शेत नव्हते. ते कोठल्याही तक्त्यात नसते. ज्या राजधानीत पृथ्वीराजापासून इंग्रजांपर्यंत इतके सत्ताधीश होऊन गेले, तेथे जावयास निघालेल्या कुटुंबातील एका माणसाला वाटेवरचे पीक पाहावयाचे होते. आणि ती इच्छा आमच्या तेवीस इच्छांपेक्षा अधिक स्वतःची होती. आमच्या इच्छा आम्ही इतरांच्या सांगण्यावरून उचललेल्या होत्या. तिची इच्छा तिच्या हातांतून आलेली होती.

तक्ता पुन्हा मांडावयास घेतला तेव्हा पहिला बदल गाडीचा झाला. चिरंजीवांनी जी राजधानी गाडी धरली होती ती सायंकाळी कल्याणहून निघते व सकाळ सरता सरता दिल्लीस पोहोचविते. म्हणजे बहुतेक वाट अंधारात जाते. त्याऐवजी जाताना पंजाब मेल धरावी असे ठरले. १९१२ सालापासून धावत असलेली ही जुनी गाडी रात्री कल्याण सोडते आणि दुसरा संपूर्ण दिवस खिडकीबाहेर देश दाखवीत जाते. नर्मदेच्या खोऱ्यात गहू कापणीस आलेला किंवा कापून पडलेला दिसेल. झाशी, ग्वाल्हेर मागे टाकून, ज्या चंबळेपलीकडे मराठ्यांस पिटाळल्याची ती बढाई होती ती चंबळ ओलांडून मथुरेकडे सरकू लागलो म्हणजे तो अजून उभा असेल. या गाडीने दिल्लीतील एक दिवस गेला. चाराचे तीन झाले.

मग स्थळे गळू लागली. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. ज्या कुतुबमिनाराच्या पायऱ्यांची आम्ही आईच्या वतीने धास्ती घेतली होती त्या पायऱ्या कोणालाच चढावयाच्या नसतात. १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली तेव्हापासून आतून वर जाण्याची बंदी आहे. तो सुमारे बहात्तर मीटर उंचीचा मनोरा पंचविशीतला तरुण आणि शहात्तर वर्षांची वृद्धा यांना सारखाच, खाली उभे राहून, मान वर करूनच पाहावा लागतो. हुमायूनची कबर ही तर बागेत आहे, आणि बागेत बसता येते. गांधीजींनी शेवटची प्रार्थनेची वाट चाललेले घर पाहावयाचे, तर ती वाटही एका वृद्धाचीच होती. जे जे गळले ते बहुधा असे होते की ज्याचे नाव आम्हांस सांगता आले असते पण ज्याची हौस कोणालाच नव्हती. शेवटी आठ स्थळे उरली. तरीही तिसऱ्या दिवसाची ओढाताण संपेना, तेव्हा आम्हांस कळून चुकले की सर्वांत मोठा लोभ आमचाच होता. सबंध एक दिवस खाणारे स्थळ पानिपत होते. आम्ही लेखणी घेऊन ते स्वतः खोडले. बंधूंस हे कळविले तेव्हा त्यांचे एका ओळीचे उत्तर आले : "पानिपत टळले, हे बरे झाले."

यावर कोणी असा आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे, की एका वृद्ध माणसासाठी दोन तरुणांच्या उत्साहावर पाणी ओतणे हा कोणता न्याय? चिरंजीव वर्षभर खपून तीन दिवसांची रजा मिळवितात; ती त्यांचीही आहे. आम्हांस श्रावणबाळाचा उपदेश करावयाचा नाही. त्याच्या कावडीत आईबाप बसले होते, पण दर पिढीतील मुलांनी आपले सर्व वय खांद्यावर कावड घेऊनच काढावे, असे कोणत्याही समंजस आईबापास वाटणार नाही. आमची आईच तक्ता पाहून म्हणाली, "मला घेऊन पळू नका, आणि माझ्यापायी बसूनही राहू नका." या एका वाक्यात आम्हांस सर्व वादाचा निकाल सापडला. त्याप्रमाणे आम्ही असे ठरविले की मुक्काम मंद पावलांनी ठरवावा आणि फेरी जलद पावलांनी मारावी. गाडी कोणती, उतरावयाचे कोठे, दिवस केव्हा सुरू करावयाचा व केव्हा आवरावयाचा, एका दिवसात किती घालावयाचे, हे जो सर्वांत हळू चालतो त्याच्याकडे पाहून ठरवावे. मग त्या चौकटीत ज्याला धावावयाचे त्याने खुशाल धावावे. मुले पहाटे उठून जुन्या किल्ल्याकडे जाऊन येतील, सोमवारी चांदणी चौकाच्या गल्ल्या पालथ्या घालतील. आम्ही तिघे बागेत बसू. आणि रात्रीचे जेवण सर्वांचे एकत्र होईल. त्याला चाळीस मिनिटांची मर्यादा नाही.

गाईची व्यवस्था शेजारच्या काकूंनी अंगावर घेतली आहे. 'कोणीतरी घरी राहिले पाहिजे' हे वाक्य अशा रीतीने एका घरातून दुसऱ्या घरात गेले आहे, याचे भान आम्हांस आहे. त्या पुढल्या महिन्यात माहेरी जातील तेव्हा त्यांची गुरे आमच्याकडे राहतील. जगातून हे वाक्य नाहीसे होणार नाही. पण त्याचा भार पाळीपाळीने वाहता येतो.

हा लेख वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही अद्याप निघालेलो नसू. तिकिटे पाच निघाली आहेत, आणि त्यांपैकी खिडकीजवळचा खालचा बाक आईच्या नावावर आहे. पुढे काय होईल ते सांगवत नाही. ऐन वेळी तिचा गुडघा सुजेल. तिसऱ्या दिवशी चिरंजीव मनात कुरकुरतील. ज्या गव्हासाठी एवढा खटाटोप केला तो त्या आठवड्यात कापूनही गेलेला असेल. बंधू म्हणतील, मी सांगितले नव्हते? परंतु बेत बरा होता की वाईट, हे त्याच्या परिणामावरून ठरवावयाचे नाही असे आम्हांस वाटते. परिणाम आपल्या हाती नसतो. कोणाला विचारले आणि कोणाला न विचारता मान डोलावली, एवढे मात्र आपल्या हाती असते.

काल सायंकाळी आई ओसरीवर बसून आपल्या जुन्या पिशवीचा बंद शिवीत होती. आम्ही विचारले, पिशवी कशाला, एवढे सामान आहेच. ती म्हणाली, "चार ओंब्या मिळाल्या तर आणीन म्हणते. काकूंनीही कुठे बघितल्यात!"